पुढचं पाऊल आणि परतीची वाट

४ नोव्हेंबर २०१४ या दिवशी ओपनसूसे या लिनक्स प्रकल्पाने आपल्या दोन शाखा एकत्र केल्या. त्यांतली ‘फॅक्टरी’ ही विकसकांची शाखा. तिच्यात नवं सॉफ्टवेअर सतत येऊन पडायचं आणि त्यापायी काही ना काही मोडलेलंही असायचं. दुसरी ‘टंबलवीड’. ती ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २०१०च्या अखेरीस सुरू केली होती. लिनक्स कर्नलच्या स्थिर आवृत्त्या सांभाळणारे म्हणून त्यांना जग ओळखतं. त्यांना ताजं सॉफ्टवेअर हवं होतं, पण रोजचं काम अडता कामा नये, अशी अटही होती. शाखा एकत्र झाल्यावर नाव टंबलवीडचं राहिलं आणि वचन मोठं झालं. ही यंत्रणा जवळजवळ रोज बदलेल, तिला आवृत्तीचा क्रमांक नसेल, एकदा बसवली की नव्याने बसवावी लागणार नाही, आणि एवढं सगळं होऊनही माणसाला तिच्यावर विसंबून नोकरी, अभ्यास, व्यवसाय करता येईल.

दहा वर्षांहून अधिक काळ हे वचन बऱ्याच अंशी पाळलं गेलं आहे. ज्या यंत्रणेतला प्रत्येक भाग सतत बदलतो तिच्यावर भरवसा कुठून येतो, या प्रश्नाचं उत्तर तीन गोष्टींत आहे. सगळा संच एकत्र पुढे न्यायचा, पुढे नेण्याआधी तो एकत्र तपासायचा, आणि पाऊल उचलण्यापूर्वी परतीची वाट तयार ठेवायची. यातली काही मेहनत प्रकल्प करतो, काही वापरणाऱ्याला करावी लागते. कुणी किती करायची, याचा हिशेब म्हणजेच रोलिंग लिनक्सची गोष्ट.

दोन पद्धती

आपण ज्याला सरसकट लिनक्स म्हणतो तो हजारो स्वतंत्र प्रकल्पांचा मेळ असतो. यंत्रणेचा गाभा असलेला कर्नल एका गटाचा, ग्राफिक्सच्या लायब्ररी दुसऱ्यांच्या, केडीई किंवा ग्नोमसारखा डेस्कटॉप तिसऱ्यांचा, ब्राउझर आणखी कुणाचा. प्रत्येकाची गती वेगळी. कर्नलची नवी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी येते, फायरफॉक्सची साधारण चार आठवड्यांनी, तर एखादी जुनी लायब्ररी वर्षानुवर्षं जागची हलत नाही. हे सगळं गोळा करायचं, एकमेकांशी जुळवून संकलित करायचं आणि पॅकेजच्या रूपात लोकांपर्यंत पोचवायचं, हे डिस्ट्रिब्युशनचं, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘डिस्ट्रो’चं काम.

ते करण्याच्या दोन पद्धती आहेत. डेबियन साधारण दोन वर्षांनी स्थिर आवृत्ती काढतं. उबुंटू एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये नवी आवृत्ती काढतं, आणि दोन वर्षांतून एकदा येणाऱ्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षं सुरक्षा दुरुस्त्या पुरवतं. अशा ठिकाणी संच एकदा गोठवला जातो. पुढे एखाद्या पॅकेजमध्ये सुरक्षेचं भोक सापडलं तर नवी आवृत्ती न आणता फक्त दुरुस्तीचा तुकडा जुन्या आवृत्तीत बसवतात. याला बॅकपोर्ट म्हणतात. हे काम किचकट आणि बिनगाजावाजाचं आहे. बँकांपासून रुग्णालयांपर्यंतचे असंख्य सर्व्हर त्यावर उभे आहेत.

दुसरी पद्धत रोलिंग रिलीजची. इथे गोठवणं नाही. मूळ प्रकल्पाने नवी आवृत्ती काढली की ती तपासून लोकांकडे जाते आणि सुरक्षेची दुरुस्तीही बहुतेक वेळा त्या नव्या आवृत्तीतूनच येते. मुंबईकर वाचकाला दोन्हींतला फरक चटकन कळेल. पहिली पद्धत रविवारच्या मेगाब्लॉकची आहे, गाड्या थांबवून एकदाच मोठं काम उरकायचं. दुसरी, गाड्या धावत असताना दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात रूळ बदलत राहण्याची.

दुसरी पद्धत लोक निवडतात त्याला कारणं आहेत. नवा लॅपटॉप घेतला तर त्याचं वायफाय आणि ग्राफिक्स चालायला नवा कर्नल लागतो. प्रोग्रामरला भाषांचे आणि कंपायलरचे ताजे संच लागतात. एखादा दोष मूळ प्रकल्पाने काल दुरुस्त केला असेल, तर तो दोन वर्षं सोसण्यात अर्थ नसतो. शिवाय दर काही वर्षांनी एकाच दिवशी सगळं बदलण्याचा धक्काही बसत नाही. बदल तेवढेच होतात, फक्त लहान हप्त्यांत होतात, आणि लहान बदलातला दोष शोधणं सोपं जातं.

मोडतं ते का

अपग्रेडने यंत्रणा मोडते तेव्हा बहुतेकदा नव्या सॉफ्टवेअरमध्ये दोष नसतो. नवं आणि जुनं यांची गाठ चुकीच्या ठिकाणी पडलेली असते.

लिनक्सवरचे प्रोग्राम अनेक लायब्ररी वाटून वापरतात. कूटलेखनाचं काम करणारी ओपनएसएसएल ही अशी एक लायब्ररी. सप्टेंबर २०२१मध्ये तिची तिसरी मोठी आवृत्ती आली. आधीच्या आवृत्तीवर संकलित केलेला प्रोग्राम सुरू होताना जुन्याच नावाची फाइल मागतो आणि तिसऱ्या आवृत्तीवर बांधलेला नव्या नावाची. डिस्ट्रो जेव्हा अशी लायब्ररी बदलते तेव्हा तिच्यावर विसंबणारी सगळी पॅकेजं पुन्हा बांधून एकदम सोडते. अशा वेळी वापरणाऱ्याने सगळं अपग्रेड न करता हवा तेवढा एकच प्रोग्राम नवा ओढला, तर तो नव्या लायब्ररीची मागणी करतो आणि मशिनवर असते जुनी. लायब्ररीच नवी ओढली तर उरलेले प्रोग्राम जुनीच्या शोधात बंद पडतात. त्यांत पॅकेजं बसवणारा पॅकेज मॅनेजर स्वतःही असू शकतो, आणि मग दुरुस्तीचं हत्यारच हातून जातं. ‘अर्धवट अपग्रेडला आधार मिळणार नाही’ असं आर्च लिनक्स ही रोलिंग डिस्ट्रो ठणकावून सांगते ते यामुळे. रोलिंगचा पहिला नियम हाच: अपग्रेड करायचं तर पूर्ण करायचं, नाहीतर हात लावायचा नाही.

दुसरं ठिकाण कर्नल आणि त्याच्या मूळ संचाबाहेरचे ड्रायव्हर यांच्या सांध्याचं. कर्नलच्या आत असलेला ड्रायव्हर कर्नलबरोबर सुधारला जातो. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर मात्र वेगळा येतो. कर्नल पुढे गेला आणि त्याच्याशी जुळणारा ड्रायव्हर अजून आला नाही, की बूट झाल्यावर काळा पडदा समोर येतो.

तिसरं ठिकाण बाहेरच्या रिपॉझिटरीचं, म्हणजे पॅकेजच्या साठ्याचं. पेटंटच्या अडचणींमुळे व्हिडिओचे काही कोडेक ओपनसूसेच्या मुख्य संचात पूर्ण स्वरूपात नसतात. म्हणून पुष्कळ जण ते पॅकमन नावाच्या बाहेरच्या रिपॉझिटरीतून घेतात. मुख्य संच आज पुढे गेला आणि बाहेरची रिपॉझिटरी तिथे उद्या पोचणार असेल, तर मधल्या दिवसात पॅकेज मॅनेजर ‘हे जुळत नाही’ असं सांगून दोन-तीन पर्याय पुढे ठेवतो. घाईत भलता पर्याय निवडणं हे बिघाडाचं नेहमीचं कारण आहे. तो प्रश्न रद्द करून एक-दोन दिवस थांबलं, तर बहुतेक वेळा तो आपोआप मिटतो.

चौथं ठिकाण सेटिंगच्या फाइलींचं, आणि तिथला बिघाड सावकाश होतो. आपण बदललेली सेटिंगची फाइल पॅकेज मॅनेजर नव्याने झाकून टाकत नाही, नवी फाइल वेगळ्या नावाने शेजारी ठेवतो. दोन्ही ताडून पाहणं आपल्यावर सोडलेलं असतं. वर्षभर तिकडे पाहिलं नाही, तर एक दिवस जुन्या सेटिंगवर नवा प्रोग्राम चालेनासा होतो आणि खापर त्या दिवशीच्या अपग्रेडवर फुटतं.

यंत्राचे डोळे

टंबलवीडचं वेगळेपण अशा सांध्यांवर लोकांच्या आधी प्रकल्पाने स्वतः हात फिरवण्यात आहे. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गशी ओपनसूसेमागच्या सूसे कंपनीचं नातं १९९२ पासूनचं. तिच्या आणि स्वयंसेवकांच्या मेहनतीतून उभ्या राहिलेल्या दोन यंत्रणा इथे कामाला येतात.

पहिली ओपन बिल्ड सर्व्हिस. कुणी एखाद्या पॅकेजची नवी आवृत्ती पाठवली की ती थेट संचात जात नाही. आधी परवान्याची आणि नियमांची तपासणी होते, माणसं ती नजरेखालून घालतात, मग ती ‘स्टेजिंग’ नावाच्या बाजूच्या आवारात इतर बदलांबरोबर बांधली जाते. एका पॅकेजच्या बदलामुळे दुसरी कोणती पॅकेजं पुन्हा बांधायला हवीत हे यंत्रणा स्वतः ठरवते. मोठा डेस्कटॉप बदलतो तेव्हा या शिस्तीची खरी परीक्षा होते. केडीई प्लाझ्माची सहावी पिढी फेब्रुवारी २०२४च्या अखेरीस जाहीर झाली आणि मार्चमध्ये टंबलवीडवर आली. क्यूटी या पायाभूत लायब्ररीची नवी पिढी, डेस्कटॉप, त्याचे प्रोग्राम असा मोठा जथा एकत्रच हलवावा लागला.

दुसरी यंत्रणा ओपनक्यूए. बांधून तयार झालेला संच आभासी मशिनवर बसवला जातो आणि एखादा माणूस करील तशी सगळी कामं एक प्रोग्राम करतो. इन्स्टॉलर सुरू करतो, बटणं दाबतो, पासवर्ड टाइप करतो, डेस्कटॉपवर जाऊन ब्राउझर आणि ऑफिसचे प्रोग्राम उघडतो. पायरीपायरीला पडद्याचं चित्र टिपून ते आधी जपून ठेवलेल्या संदर्भचित्राशी ताडतो. चित्राचा कोणता भाग जुळायला हवा आणि किती टक्के जुळायला हवा हे आधी ठरलेलं असतं. नव्याने बसवून पाहायचं, जुन्यावरून अपग्रेड करून पाहायचं, एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर पाहायचं, वेगवेगळ्या डेस्कटॉपवर पाहायचं, अशा नाना परिस्थितींत हा खेळ चालतो. फेडोरा प्रकल्पही हेच साधन वापरतो.

चाचण्यांच्या निकालावर शेवटचा शब्द माणसाचा असतो. टंबलवीडची ही जबाबदारी अनेक वर्षं डोमिनिक लॉयेनबर्गर यांनी सांभाळली. कोणता संच बाहेर पडला, कोणता अडवला, स्टेजिंगमध्ये काय शिजतं आहे, याचा साप्ताहिक आढावा ते जाहीरपणे लिहीत आले. मंजूर झालेला संच तारखेच्या आकड्याने ओळखला जातो आणि ‘स्नॅपशॉट’ म्हणून लोकांपर्यंत जातो. एखाद्या आठवड्यात असे पाच-सहा स्नॅपशॉट निघतात, एखाद्या आठवड्यात दोषांमुळे एक-दोनच. ज्या दिवशी काहीच येत नाही त्या दिवशीही कुणीतरी काम केलेलं असतं. मोडका संच त्याने दारातच अडवलेला असतो.

म्हणून टंबलवीडवर अपग्रेडची आज्ञा ‘झिपर डप’ ही आहे. मशिनवरचा संच आणि स्नॅपशॉटमधला संच तंतोतंत एकसारखा करणं हा तिचा हेतू. त्यासाठी एखादं पॅकेज मागच्या आवृत्तीवर न्यावं लागलं किंवा काढून टाकावं लागलं, तरी ती ते करते. ‘झिपर अप’ ही साधी आज्ञा पॅकेजं फक्त पुढे ढकलते, त्यामुळे कालांतराने तपासलेल्या संचाशी फारकत होत जाते. चाचणी झाली ती संपूर्ण संचाची. आपल्या मशिनवर तो संच नसेल तर त्या चाचणीचा आपल्याला काहीच उपयोग नाही.

परत फिरायची सोय

चाचण्या कितीही केल्या तरी जगातला प्रत्येक लॅपटॉप चाचणीच्या सर्व्हरवर नसतो. म्हणून तिसरी व्यवस्था वापरणाऱ्याच्या डिस्कवर असते.

बीटीआरएफएस ही फाइलसिस्टिम ख्रिस मेसन यांनी २००७ साली ओरॅकलमध्ये असताना सुरू केली आणि २००९मध्ये ती लिनक्स कर्नलमध्ये आली. तिची रीत अशी की फाइल बदलताना जुन्या जागेवर खोडून लिहायचं नाही, नव्या जागी लिहायचं. जुना मजकूर जागच्या जागी असल्यामुळे संपूर्ण यंत्रणेची त्या क्षणाची प्रतिमा निमिषात धरून ठेवता येते आणि सुरुवातीला तिला जवळजवळ जागा लागत नाही. ओपनसूसेने २०११च्या अखेरच्या आवृत्तीपासून याला स्नॅपर हे साधन जोडलं. अपग्रेड सुरू होण्यापूर्वी एक प्रतिमा आणि संपल्यावर एक, अशी जोडी आपोआप निघते. अपग्रेडनंतर मशिन सुरू झालं नाही, तर बूटच्या यादीतून आदली प्रतिमा निवडायची. ती फक्त वाचता येईल अशा रूपात सुरू होते. सगळं ठीक आहे याची खात्री पटली की ‘स्नॅपर रोलबॅक’ ही आज्ञा द्यायची आणि पुन्हा बूट करायचं. यंत्रणा कालच्या जागी येते.

या सोयीच्या मर्यादा ठाऊक असल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये. लोकांची कागदपत्रं असलेला होम विभाग आणि बदलता डेटा असलेला व्हार विभाग प्रतिमेतून मुद्दाम वगळलेले असतात. हे योग्यच आहे, नाहीतर यंत्रणा मागे नेताना आज लिहिलेला लेखही कालच्या रूपात गेला असता. पण त्याचा दुसरा परिणामही होतो. डेटाबेसचा प्रोग्राम मागे जातो आणि त्याचा डेटा मात्र नव्या रचनेतच राहतो. फायरफॉक्स २०१९ पासून नव्या आवृत्तीने वापरलेलं प्रोफाइल जुन्या आवृत्तीत सहजी उघडू देत नाही. म्हणजे यंत्रणा मागे गेली तरी ब्राउझर अडून बसू शकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रतिमा त्याच डिस्कवर असते. डिस्क गेली की प्रतिमाही गेली. बॅकअप वेगळ्या डिस्कवरच हवा.

हीच सोय दुसऱ्या डिस्ट्रोवर स्वतः उभी करणारे एका ठिकाणी हमखास अडखळतात. कर्नल असलेला बूट विभाग वेगळ्या पार्टिशनवर असेल, तर प्रतिमा मागे नेल्यावर कर्नल नवा आणि त्याची मॉड्यूल जुनी अशी अवस्था होते. परतीची वाट बांधली की ती एकदा चालून पाहायला हवी, आणि तीही सगळं सुरळीत असताना. अडचणीच्या रात्री पहिल्यांदा त्या वाटेला लागू नये.

आर्चचा करार

कॅनडातल्या जड व्हिनेट यांनी मार्च २००२मध्ये आर्च लिनक्सची पहिली आवृत्ती काढली. आर्चचा वापरणाऱ्याशी असलेला करार वेगळा आहे. पॅकेजं मूळ प्रकल्पाने दिली तशी, शक्य तितक्या कमी बदलांनी, लवकरात लवकर मिळतील. चाचणीच्या रिपॉझिटरीत ती काही काळ राहतील. पण मशिन तुमचं आहे आणि ते समजून घेणंही तुमच्याकडे. जिथे माणसाने हात घातल्याशिवाय अपग्रेड पार पडणार नाही, तिथे प्रकल्प आधी जाहीर सूचना देतो. ती वाचणं हा कराराचा भाग आहे.

जून २०१३मध्ये आर्चने प्रोग्राम ठेवण्याच्या जुन्या वेगवेगळ्या फोल्डरांचं एका फोल्डरात विलीनीकरण केलं. सूचनेत दिलेल्या क्रमाने आज्ञा दिल्या त्यांचं काम काही मिनिटांत झालं. ज्यांनी बळजबरीचा पर्याय वापरून अडथळा ओलांडला, त्यांची यंत्रणा कोलमडली. जून २०२५मध्ये फर्मवेअरचं एकच मोठं पॅकेज अनेक लहान पॅकेजांत विभागलं गेलं. तेव्हाही जुनं पॅकेज आधी काढून मग अपग्रेड करा, अशी दोन ओळींची सूचना होती. या सूचना वर्षाकाठी मोजक्याच येतात. त्या वाचायला लागणारा वेळ त्या न वाचल्यामुळे जाणाऱ्या रात्रीच्या तुलनेत काहीच नाही.

ऑगस्ट २०२२चं ग्रबचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं होतं. ग्रब हा बूटलोडर, मशिन सुरू झाल्यावर कर्नलला हाक मारणारा. त्याच्या नव्या पॅकेजमधलं साधन सेटिंगच्या फाइलीत एक नवा पर्याय लिहू लागलं. बूट विभागात प्रत्यक्ष बसवलेला बूटलोडर मात्र अनेकांकडे जुनाच होता, कारण आर्चमध्ये पॅकेज बदललं म्हणून तो आपोआप पुन्हा बसवला जात नाही. जुन्या बूटलोडरला नवा पर्याय कळेना आणि मशिन थेट फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन थांबू लागली. पॅकेज अद्ययावत होतं, संच पूर्ण होता, आणि तरीही नव्या-जुन्याची गाठ पॅकेज मॅनेजरच्या नजरेपलीकडे पडली होती. ज्यांच्याकडे यूएसबीवर बूट होणारा आर्चचा इन्स्टॉलर तयार होता ते अर्ध्या तासात बाहेर आले.

अपग्रेडची शिस्त

या सगळ्यातून रोजच्या वापरासाठी जी शिस्त निघते ती फार अवघड नाही. अपग्रेडची वेळ आपण ठरवावी. आठवड्यातून एकदा पुष्कळांना सोयीचं पडतं. प्रकल्प सादर करायच्या आदल्या रात्री किंवा परीक्षेच्या सकाळी अपग्रेड करू नये. उलट सहा-सहा महिने टाळूही नये. फार दिवसांनी अपग्रेड करताना पॅकेजवरच्या सह्या तपासणाऱ्या किल्ल्याच कालबाह्य झालेल्या असतात आणि मधल्या काळातल्या सूचनांचा ढीग साचलेला असतो.

सुरू करण्यापूर्वी प्रकल्पाच्या सूचना वाचाव्यात, डिस्कवर जागा पाहावी, पॅकेज मॅनेजर काय काढून टाकणार आहे ती यादी डोळ्यांखालून घालावी. नवं काय येणार यापेक्षा काय जाणार ही यादी महत्त्वाची. तिच्यात डेस्कटॉपचं किंवा नेटवर्कचं पॅकेज दिसलं तर थांबावं. वर्षातून एकदा जीसीसी कंपायलरची मोठी आवृत्ती येते तेव्हा जवळजवळ सगळा संच नव्याने बांधला जातो आणि डाउनलोड काही जीबींच्या घरात जातं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असणाऱ्याने तो दिवस ओळखून वायफायची सोय पाहावी.

आपल्याकडे वीज हा मुद्दाही आहे. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर अपग्रेड अर्ध्यावर असताना दिवे गेले तर फाइली अर्धवट लिहिलेल्या राहतात. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली असावी. ओपनसूसेच्याच मायक्रोओएसने यावर मुळातून तोडगा काढला आहे. तिथे अपग्रेड चालू यंत्रणेवर होत नाही. बाजूला काढलेल्या प्रतिमेवर होतं आणि पुढच्या बूटला ती प्रतिमा पुढे येते. वीज गेली तर चालू यंत्रणा जशीच्या तशी राहते.

जोडीला एक जुना कर्नल ठेवावा. टंबलवीड आधीचा कर्नल आपोआप राखून ठेवतं, आर्चवर दीर्घ मुदतीचा कर्नल वेगळ्या पॅकेजमधून बसवता येतो. कर्नल बदलला असेल तर अपग्रेडनंतर मशिन लगेच पुन्हा सुरू करावं. आर्चवर चालू कर्नलची मॉड्यूल अपग्रेडमध्ये निघून जातात, त्यामुळे नुसता पेनड्राइव्ह लावला तरी तो दिसत नाही अशी वेळ येते. सेटिंगच्या नव्या फाइली त्याच दिवशी ताडून पाहाव्यात. आणि बाहेरच्या रिपॉझिटरी गरजेपुरत्याच ठेवाव्यात. आर्चच्या वापरकर्त्यांनी चालवलेल्या पॅकेजसंग्रहात जुलै २०२५मध्ये ब्राउझरच्या नावाने घातक पॅकेजं आढळली होती. तिथलं पॅकेज बांधण्याआधी त्याची कृती वाचायची असते, हा नियम तेव्हा अनेकांना नव्याने आठवला.

अर्धा सेकंद

मात्र शिस्त आणि चाचण्या यांच्याही पलीकडचा धोका मार्च २०२४मध्ये समोर आला.

एक्सझेड ही डेटा संकुचित करणारी छोटी लायब्ररी जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असते. लासे कोलिन हे फिनलंडमधले गृहस्थ ती वर्षानुवर्षं जवळपास एकट्याने, फावल्या वेळात सांभाळत होते. २०२१च्या सुमारास ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी मदतीला आलं, चिकाटीने काम करत राहिलं आणि विश्वास कमावून सहदेखभालकर्ता झालं. २४ फेब्रुवारी २०२४ रोजी ५.६.० आणि ९ मार्च रोजी ५.६.१ आवृत्ती निघाली. दोन्हींत चोरदार होतं. ते चाचणीच्या बायनरी फाइलींत दडवलेलं होतं आणि संकलनाच्या वेळी गुपचूप जोडलं जात होतं. काही डिस्ट्रोंमध्ये दूरस्थ लॉगिनची एसएसएच सेवा अप्रत्यक्षपणे ही लायब्ररी वापरते. तिथून बाहेरच्या माणसाला सर्व्हरमध्ये शिरता आलं असतं.

टंबलवीडमध्ये यांतली पहिली आवृत्ती ७ मार्चला शिरली. ओपनक्यूएच्या चाचण्या तिने सहज पार केल्या, कारण तिच्यामुळे काहीच मोडत नव्हतं. आर्चमध्येही ती पोचली. तिथली एसएसएच या लायब्ररीशी जोडलेली नसल्यामुळे तो मार्ग बंद होता. डेबियनच्या चाचणीच्या आणि अस्थिर शाखांत ती होती, स्थिर शाखेत नव्हती. म्हणजे मंद गतीने चालणारे वाचले आणि पुढे धावणारे सापडले, असा हिशेब सहज मांडता येतो. तो अर्धाच आहे.

चोरदार सापडलं ते आंद्रेस फ्रॉइंड यांना. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे हे पोस्टग्रेस डेटाबेसचे विकसक डेबियनच्या अस्थिर शाखेवर वेगाची मोजमापं घेत होते. एसएसएचच्या प्रक्रिया विनाकारण प्रोसेसर खातात आणि लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. काही आठवड्यांपूर्वी पॅकेजं अद्ययावत झाल्यावर एका चाचणीत उमटलेली विचित्र तक्रारही त्यांना आठवली. त्यांनी पाठपुरावा केला आणि २९ मार्चला सारं जाहीर केलं. तोवर ही आवृत्ती येऊ घातलेल्या स्थिर संचांत जावी यासाठी प्रयत्न चालू होते. ती तिथे पोचली असती तर जगभरच्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं राहिली असती. अस्थिर शाखेवर रोज काम करणारा एक सजग माणूस होता, म्हणून स्थिर शाखा वाचल्या.

डिस्ट्रोंची हालचालही पाहण्यासारखी आहे. टंबलवीडने जाहीर वाच्यता होण्याच्या आदल्या दिवशी, २८ मार्चलाच, जुनी आवृत्ती परत आणली आणि ज्यांची एसएसएच सेवा इंटरनेटला उघडी होती त्यांना यंत्रणा नव्याने बसवण्याचा सल्ला दिला. ही माघारही लोकांपर्यंत अपग्रेड म्हणूनच पोचायला हवी होती, म्हणून पॅकेजला नव्या आवृत्तीचा क्रमांक आणि आत जुना कोड असं रूप दिलं गेलं. डेबियननेही तशीच युक्ती केली. संपूर्ण संच एका हालचालीत मागे नेण्याची सवय असल्यामुळे हे काही तासांत होऊ शकलं.

मधल्या वाटा आणि आपला वाटा

गती आणि भरवसा यांच्यातल्या मधल्या वाटाही आता रुळल्या आहेत. मांजारो आर्चची पॅकेजं काही काळ रोखून, टप्प्याटप्प्याने सोडतं. टंबलवीडवर आधारलेलं स्लोरोल २०२३मध्ये आलं. त्यात मोठे बदल साधारण महिन्याला एकदा येतात, सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र लवकर. व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम डेक या खेळाच्या उपकरणातली यंत्रणा २०२२ पासून आर्चवर उभी आहे. ती तपासलेल्या प्रतिमांच्या रूपात मिळते, मशिनवर दोन प्रती असतात, आणि नवी बिघडली तर जुनीवरून सुरू करता येतं. पाया रोलिंगचा असूनही खेळणाऱ्याला त्याची जाणीवसुद्धा होत नाही.

रोलिंग सगळ्यांसाठी नाही. दुकानाच्या बिलिंगच्या मशिनवर, शाळेच्या प्रयोगशाळेत, सहा महिने कुणी न पाहणाऱ्या सर्व्हरवर गोठवलेला संचच योग्य. ज्याला आठवड्यातला अर्धा तास देता येतो, सूचना वाचण्याची सवय आहे आणि मशिन समजून घेण्याची इच्छा आहे, त्याने मात्र घाबरायचं कारण नाही.

मराठी वाचकाचा यात थेट संबंध आहे. देवनागरीची जोडाक्षरं पडद्यावर जुळवणारी हार्फबझ ही लायब्ररी, लोहितसारखे फाँट, मराठी टाइप करण्याची साधनं, ही सगळी पॅकेजंच आहेत. रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी लोहित फाँटांवर बरीच वर्षं काम केलं. नव्या आवृत्तीत एखादा रफार चुकीच्या जागी गेला, तर इंग्रजी पडद्याची संदर्भचित्रं ताडणाऱ्या यंत्राला ते कळणार नाही. रोलिंगवर मराठीत काम करणाऱ्याला ते पहिल्याच दिवशी दिसेल. त्याने पडद्याचं चित्र जोडून दोषाची नोंद केली, तर पुढे स्थिर आवृत्ती वापरणाऱ्या हजारोंना तो दोष भेटणारच नाही.

स्थिर लिनक्सवर निवांत काम करणाऱ्याला जी शांतता मिळते ती आधी कुणीतरी अस्थिरतेत घालवलेल्या वेळातून येते. पॅकेज बांधणारे, संच अडवून धरणारे, अर्ध्या सेकंदाचा माग काढणारे आणि रविवारी सकाळी अपग्रेड करून दोष नोंदवणारे, असे सगळे मिळून ती घडवतात. आपलं मशिन नीट सांभाळणं हा त्या कामाचा पहिला भाग, आणि जे बिघडलं ते व्यवस्थित लिहून कळवणं हा दुसरा. दोन्ही करणारे वाढले, तर रोलिंग वापरणाऱ्यांचा आणि न वापरणाऱ्यांचा, दोघांचाही भरवसा वाढेल.